टेकडीवरचं माझं दीड तासाचं भाषण

मागच्या वर्षी एका रविवारी मी मानपुरच्या टेकडीवरून दीड तास सलग भाषण केलं, आणि त्या दीड तासात मी टेकडीवर नव्हते. (श्रोते म्हणजे इंदूरच्या हौशी रेडिओ क्लबचे वीसेक सभासद. पत्रकं वाटताना माझ्यापुढे याहून कमी लोक थांबतात, म्हणून हा आकडा मी अभिमानाने सांगते.)

माझे बाबा गिरणीच्या युनियनमध्ये होते. गिरणी बंद पडली, बाबा पडले नाहीत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर, त्यामुळे 'आंबा' या शब्दाआधी मला 'अन्याय' वाचता येत होतं. माझं नाव क्रांती. बाबांच्या आणि माझ्या मते कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी लोकांना हाक द्यावी, मग अन्याय सांगावा, मग मागण्या आणि शेवटी निर्धार. आई याच्या अगदी उलट. दूरसंचार खात्यात तिने आयुष्यभर लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आणि स्वतः मोजकंच बोलली.

निवृत्त झाल्यावर आईने हौशी रेडिओचं, म्हणजे घरून वायरलेसवर बोलायचं, लायसन असलेल्या हातांनी घरीच रिपीटर बांधायला घेतला. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला एक डबा. लांबून आलेला क्षीण आवाज तो एका कानाने ऐकतो आणि तोच आवाज त्याच क्षणी दणदणीत करून पुढे पाठवतो. इंदूर आणि मानपुरच्या मध्ये डोंगर आडवे येतात, त्यामुळे तुकोगंजातली आई आणि मानपुरची मावशी या दोन लायसनवाल्या बहिणींचं रेडिओवर बोलणं कधी जमत नव्हतं. दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर तो डबा होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

संकट आलं ते क्लबच्या अध्यक्षांकडून. खंडेलवालजी दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून एकट्यानेच बोलायची सवय, ती रेडिओवरही सुटत नसे. त्यांनी एक दिवस आईला सांगितलं, "बहनजी, घर का बना सेट शौक के लिए ठीक है. पहाड़ी पर तो क्लब रेडीमेड लगाएगा." टेकडीवर रिपीटर बसवायची परवानगी क्लबच्या नावावर होती, म्हणजे शब्द त्यांचाच चालणार. फार विनवण्या झाल्यावर ते एका रविवारची चाचणी घ्यायला तयार झाले. डबा टिकला तर टेकडीवर राहील, नाहीतर परत टेबलावर. आईने टेबलावरचा डबा फडक्याने पुसला, एवढंच. मी मात्र पेटून उठले.

डब्याला फक्त कंट्रोलर जोडायचा राहिला होता. रिपीटरने तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे ठरवणारी ती सर्किटची छोटी पाटी. मी म्हटलं, हे काम माझं. सियागंजच्या बाजारातून ॲल्युमिनियमची पेटी आणली, पाटीत प्रोग्रॅम भरला आणि तारा जोडल्या. पहिल्या दिवशी दोन तारा उलट्या लागल्या. कोणी बोललं की रिपीटर गप्प, सगळे गप्प झाले की हा सुरू.

आईने एकदा बघितलं. "तुझ्या बाबांवर गेलाय. ती निळी तार काढ."

निळी तार काढली आणि डबा माणसासारखा वागायला लागला. आता राहिला टायमर. एकच माणूस बोलत सुटला तर कंट्रोलर त्याला थांबवतो. लोक साधारण तीन मिनिटं ठेवतात. मी तीस सेकंद ठेवले. खंडेलवालजींच्या एकाधिकारशाहीवर माझा हा थेट घाव होता! आणि वेळ संपली की यंत्राने नुसतं टूं करून गप्प बसू नये, माणसाच्या आवाजात कारण सांगावं, अशीही सोय केली.

आईने प्रोग्रॅमवरून नजर फिरवली. "कंट्रोलर स्वतः बोलेल तेव्हा त्याला टायमर लावू नको. त्याला वगळ."

"का वगळायचं? नियम सगळ्यांना सारखा. सत्तेला सूट नाही."

"अगं, ती सत्ता नाही, पाटी आहे."

"सुरुवात अशीच होते, आई."

आईने चष्मा काढून ठेवला. घरात 'पुढचं तुझं तू बघ' असं म्हणायची ती तिची पद्धत आहे. घरच्या चाचणीसाठी मी नुसतं 'वेळ संपली' एवढंच रेकॉर्ड केलं होतं आणि सगळं सुरळीत चाललं. खरी घोषणा मी शनिवारी रेकॉर्ड केली. बाबांना ऐकवली. ते म्हणाले, जरा त्रोटक वाटते. मग दोन वाक्यं वाढवली.

रविवारी सकाळी मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, टेकडीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत डबा आणि बॅटरी ठेवली, सुरू केलं, कुलूप लावलं आणि ते स्कूटरवरून पोहे खायला घरी गेले. माझा सगळ्यांना आदेश होता की चाचणी संपेपर्यंत फोन बंद. आज फक्त रेडिओ. तुकोगंजात खंडेलवालजींच्या दवाखान्यात आई, मी आणि ते, असे तिघं सेटभोवती बसलो. त्यांनी बटण दाबलं आणि क्लबच्या इतिहासाला हात घातला. बरोबर तिसाव्या सेकंदाला ते कापले गेले. मी टाळी वाजवली. मग माझा आवाज आला.

"साथियो! आपला वेळ संपला आहे. ही हवा कोणाच्या बापाची नाही. जो एकटाच बोलत राहतो, तो दुसऱ्याचा आवाज हिसकावतो! हा अन्याय आम्ही पिढ्यानपिढ्या सोसला. पण आता आम्ही निर्धाराने सांगतो, की—"

टक.

"साथियो! आपला वेळ संपला आहे. ही हवा..."

काय झालंय ते मला तिसऱ्या 'साथियो'ला कळलं. माझी घोषणा तीस सेकंदांपेक्षा लांब होती. नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे टायमरने मलाही कापलं. कापल्यावर कारण सांगायला कंट्रोलरने घोषणा लावली. ती परत तीस सेकंदांच्या पुढे गेली, परत कापली गेली, परत कारण. बाहेरून बंद करायचा एक गुप्त नंबर होता, पण तो यंत्र गप्प असेल तेव्हाच ऐकलं जाईल असं मी लिहून ठेवलं होतं. (बोलताना दुसऱ्याचं ऐकायचं नसतं, ही माझी जुनी सवय पाटीतही उतरली होती.) काकांना फोन लावला. बंद. मावशीला लावला. बंद. माझी शिस्त मानपुरपर्यंत पोचली होती.

आम्ही खंडेलवालजींच्या गाडीत बसलो. गाडीतही सेट होता. मी तो बंद करायला हात पुढे केला तर आईने मागच्या सीटवरून मनगट धरलं. "राहू दे. मला मीटर बघायचं आहे." म्हणून तुकोगंज ते मानपुर हा सगळा रस्ता मी माझं भाषण ऐकत गेले. महू मागे पडेपर्यंत मला स्वतःचा राग यायला लागला होता. आई पुढे वाकून सेटवरचा काटा बघत होती. तिच्यासाठी त्या दिवशी दोन वर्षं पणाला लागली होती, आणि मी ती माझ्या साथियोंच्या हवाली केली होती.

खंडेलवालजी बराच वेळ गप्प होते. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, ये 'की' के आगे क्या है?"

मी म्हटलं, आता ते महत्त्वाचं नाही.

मावशीच्या घरी पोचलो तर काका आणि मावशी सेटसमोर मांडी घालून बसलेले. पोहे गार झालेले. माझ्या आवाजाला माझ्यासमोरच काका मान डोलावत होते.

"काका, अहो ते बिघडलंय! उठायचं नाही का?"

"बिघडलंय? मला वाटलं उद्घाटनाचं भाषण चालू आहे. बीच में कैसे उठणार?"

"तेच तेच परत चाललंय, काका."

"तुझ्या पत्रकात पण तसंच असतं, भिया. मी म्हटलं, स्टाइल असेल."

टेकडीवर जाऊन काकांनी कुलूप उघडलं. मी धावत जाऊन बॅटरीची तार ओढायला हात घातला, तर आई म्हणाली, थांब. सलग बोलत राहिलं की ट्रान्समीटर तापून जळतो, म्हणून तिने आधी त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. आणि तिच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी हसू बघितलं.

"कोमट आहे," आई म्हणाली. "बघा हात लावून."

खंडेलवालजींनी हात लावला. मग दुसरा हात लावला. दीड तास एक क्षण न थांबता पूर्ण ताकदीने ओरडलेला डबा चहाच्या रिकाम्या कपाइतकाच गरम होता, आणि सेटवरचा काटा वाटेत तसूभरही ढळला नव्हता.

"बहनजी," ते म्हणाले, "इतनी देर में तो रेडीमेड वाला रो देता. मैंने ही तीन मिनट में एक रुलाया है. ये यहीं रहेगा."

आईने तार काढली. गाडीतल्या सेटसकट टेकडी एकदम शांत झाली. त्या शांततेत काका म्हणाले, "क्रांती, पण 'सांगतो, की'च्या पुढे काय होतं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "की थोडक्यात बोला."

डबा आज टेकडीवर आहे. आई आणि मावशी रोज संध्याकाळी त्याच्यामार्फत बोलतात. टायमर तीन मिनिटांचा आहे आणि कंट्रोलरला नियमातून वगळलं आहे. (तत्त्वतः माझा विरोध नोंदवलेला आहे.) घोषणा बदलली. आता वेळ संपली की आईच्या आवाजात दोनच शब्द येतात, "बस कर." खंडेलवालजीसुद्धा मुकाट्याने बटण सोडतात. क्लबमध्ये सगळे विचारतात, आवाजात एवढी जरब कशी आली, किती वेळा रेकॉर्ड करावं लागलं? एकदाच. तालीम माझ्या जन्मापासून चालू होती.