सरांची संदर्भसूची

स्टाफरूममध्ये कुणी "उद्या सुट्टी आहे म्हणे" असं म्हटलं, की आमचे इतिहासाचे सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोण म्हणे?" मग प्राचार्य, शिपाई नाहीतर नोटीसबोर्ड, कुठलातरी साक्षीदार हजर करावा लागे. घरीही तेच. आमटीत मीठ कमी आहे असं सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, तरी "कोण म्हणे?" "जीभ म्हणे," असं सांगून काकू मिठाची बरणी पुढे सरकवायच्या.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. पण आमच्या कर्जतच्या कॉलेजात या स्वभावाला एक सॉफ्टवेअर येऊन मिळालं आणि सगळा घोटाळा झाला.

सरांची पीएच.डी. चालू होती. विषय, कोंडाण्याच्या लेण्यांजवळून घाट चढणाऱ्या जुन्या वाटा. पन्नाशी उलटल्यावर एका कार्यशाळेत ते संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर शिकून आले. पुस्तकाचं नाव टाकलं की लेखक, साल, प्रकाशक आपोआप येतात आणि एक बटण दाबलं की शेवटची संदर्भसूची तयार, तीही अकारविल्हे! सर हरखून गेले. "मॅडम, बघा, स्वल्पविरामसुद्धा तेच देतं," हे मला त्यांनी किती वेळा दाखवलं असेल!

त्या संग्रहात त्यांनी कप्पे केले होते. 'वाचलेले', 'वाचायचे', 'पुन्हा वाचायचे'. प्रबंधाचा कप्पा तेवढा रिकामा. विचारलं की म्हणायचे, "एवढा एक संदर्भ लागू दे, मग लिहायलाच बसतो." मी चिडवायची, "सर, पत्रावळी मांडून झाल्या. भात कधी चढवताय?" ते हसायचे आणि आणखी एक पत्रावळ मांडायचे.

रविवारी मात्र ते स्वतः वाटा धुंडाळत हिंडायचे. कोंडाण्याजवळच्या वाडीतली आमची विद्यार्थिनी हिरा पुढेपुढे सोबत जाऊ लागली. वाडीतल्या बुधाजीबाबांनी एक वाट सांगितली, तर सरांनी तीही रीतसर नोंदवली, प्रकार 'मुलाखत'. पडद्यावर बाबांचं आडनाव आधी आलेलं बघून हिरा खो खो हसली. "सर, आमच्या बुधाजीबाला असं कोण वळखील?"

"त्यांनी सांगितलंय ना गं? मग नाव लागलंच पाहिजे."

एक वाट सरांना एकट्याला सापडली होती, हिरा यायच्या कितीतरी आधी. पाण्याच्या टाक्याजवळून वर जाणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या. पुढे तिथे फार्महाऊस झालं आणि जेसीबीने त्या पायऱ्या उकरून टाकल्या. "आता तरी लिहून टाका, सर," मी कळवळून म्हटलं. "आणखी कुणी पाहिल्यात का, ते शोधतोय," ते म्हणाले. जगाच्या साक्षी काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या डोळ्यांची साक्ष पुरेशी वाटत नव्हती. मला त्यांचा रागही यायचा आणि मायाही वाटायची.

शेवटी विद्यापीठाची मुदत संपली आणि नोंदणी रद्द झाली. त्या दिवशी सरांनी नेहमीसारखा बशीत ओतून चहा घेतला. मग हिराला बोलावून सगळा संग्रह तिच्या हवाली केला. "माझ्याच्यानं आता व्हायचं नाही. तू लिही गं." मी तोंड धुवायच्या निमित्ताने उठले.

हिराने पुढे एम.ए. करून स्वतः पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि खरंच लिहायला घेतलं. आधी तिने सरांना समोर बसवून एकेक वाट विचारून घेतली. प्रबंध पुरा व्हायच्या आत सर गेले.

तिच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संदर्भसूचीवर बोट ठेवलं. दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये सरांचं नाव होतं. आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. प्रकार 'मुलाखत'.

"या पायऱ्यांना एवढा एकच आधार?"

"हो सर. त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या."

"आणि कुणाला तपासून बघायचं झालं तर?"

हिराने एकदा माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ जपलेली पुस्तकी भाषा तिच्या हातून सुटली. "पायऱ्याबी नाय आता, सर. आनि आमचे सरबी नाय."

परीक्षकांनी सरांच्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.