उणे अठरातलं टेकाड

आमच्या प्रयोगशाळेत कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत. फुटक्या बीकरची बुडं, वाळलेली मार्कर पेनं आणि किस्से. पहिल्या दोहोंची यादी माझ्याकडे असते, कारण मी तिथला प्रयोगशाळा सहायक. किस्से मात्र बिनयादीचे साठतात. चहाच्या वेळी कुणीतरी वरचा एक खरवडला की खालचे आपोआप निघायला लागतात, आणि चहा गार होतो.

आधी थोडं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा काहीही फेकतोय. आमच्या देवरे मॅडम भूगर्भशास्त्राच्या. तरुणपणी दोन वर्षं फिनलंडच्या पार उत्तरेला होत्या. तिकडे गोठलेल्या दलदली आहेत. शेवाळ उगवतं, मरतं, पण पाणी आणि थंडीमुळे धड कुजत नाही. त्याच्यावर पुन्हा नवं उगवतं. बोटभर थर साठायला एक पिढी जाते. त्या थराला म्हणतात पीट. मॅडमनी तिथल्या एका टेकाडाला वरपासून तळापर्यंत भोक पाडून लांबलचक दांडी काढली, तिला आम्ही कोअर म्हणतो. काकडीसारखी ती उभी चिरली. अर्धी तिकडे राहिली, अर्धी तुकड्यांत, गोठलेली, नाशकात आली. त्यातले परागकण आणि शेवाळाचे अवशेष बघून मॅडम त्या टेकाडाचं आयुष्य वाचतात. नाशकात बसून. उन्हाळ्यात, पंख्याखाली.

*

पहिल्या वर्षी कोअर कॉलेजच्याच डीप फ्रीजरमध्ये होता. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मॅडम बघतात तर फ्रीजरचं झाकण सारखं उघड-बंद! ऑफिसच्या मंडळींनी तीनशे कुल्फ्या त्यात ठेवलेल्या. कोअरचे खोके तळाशी, वर मलई, पिस्ता, आंबा.

मॅडम मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, हजारो वर्षं थांबलंय ना ते? मग दोन तास थांबेल की."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेम्पो बोलावला आणि कोअर पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हलवला.

*

पिंपळगावच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या खोल्या शून्याच्या आसपास असतात. पण मटार आणि मक्याच्या दाण्यांसाठी एक खोली उणे अठराची आहे. तिथले सुपरवायझर आप्पा. साठीचे, डोक्यावर माकडटोपी, ती एप्रिलमध्येसुद्धा. त्यांच्या रजिस्टरात नाव नसलेला माल आत जात नाही, मग तो मालकाचा का असेना.

"माल काय?"

"शेवाळ," मी म्हणालो.

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. "वाण?"

मॅडमनी लॅटिन नाव सांगितलं. आप्पांनी तिथं रेघ मारली. "तोडणीची तारीख?"

"आप्पा, कसं सांगू? हजारो वर्षांपूर्वीपासून साठत आलंय ते."

आप्पांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तारीख लिवावीच लागती. वरून तपासायला येत्यात." मग स्वतःच विचार करून त्यांनी लिहिलं, 'मागील हंगाम'.

*

आता कोल्ड स्टोरेजचा धर्म असा, की आधी आलेला माल आधी बाहेर गेला पाहिजे. जुना पुढे, नवा मागे. आप्पा तीस वर्षं हेच करत आलेले. एकदा आमचे पुठ्ठ्याचे खोके ओले होऊन फाटले. आप्पांनी आपणहून सगळे तुकडे द्राक्षांच्या नव्या खोक्यांत भरले, आणि कुठला तुकडा जास्त जुना ते मॅडमच्या चिठ्ठ्यांवरून बरोबर हुडकून सगळ्यात जुन्याला चिकटवलं, 'लॉट १'. दारापाशी. आधी बाहेर जायला.

आमच्याकडे पीएचडी करणारा बागूल आहे, सटाण्याचा. त्यानं लॉट १ म्हणजे सगळ्यात वरचा तुकडा असं धरलं आणि तीन आठवडे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. एके दिवशी घामाघूम होऊन मॅडमकडे आला. "मॅडम, हे टेकाड गोठायच्या आधीच वितळलंय. कोरड्यावरची झुडपं आधी, आणि दलदल नंतर. जगात कुणाला सापडलं नसंल असं!"

मॅडमनी कागद पाहिले, फोन उचलला, आप्पांशी बोलल्या आणि पोट धरून हसल्या. बागूलला रडू यायचं बाकी होतं. आप्पा मात्र दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर माफी मागायला आले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आप्पा, चूक तुमची नाही. आमच्या शास्त्रात जुनं तळाशी असतं, तुमच्यात दारापाशी. एवढाच फरक."

बागूल अजूनही प्रत्येक खोक्यावर बाण काढतो. दोन्ही बाजूंनी.

*

कॉलेजच्या कृषी प्रदर्शनात आम्हीही एक टेबल मांडलं होतं. मखमलाबादकडचे एक गुलाबवाले काका आले. पॉलिहाऊसवाल्यांना पीट नवीन नाही, ते रोज कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात, हात घालतात. काकांनी आमचा नमुना बोटांनी चुरला, हुंगला, आणि खूश झाले.

"ताई, लय भारी क्वालिटी हे. याच्यात मुळी कशी पळंल! एक ट्रॉली टाकून द्या आपल्याकडं."

मॅडमनी त्यांना बसवून शांतपणे समजावलं, की हे असं काढायचं नसतं, आणि एक ट्रॉली भरेल एवढं साठायला हजारो वर्षं जातात. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली.

"मग आत्ताच नंबर लावून ठेवतो," ते म्हणाले.

*

बागूलच्या लग्नाचं जमत नव्हतं. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? हा खरं सांगायचा, "गोठलेल्या दलदलीतलं शेवाळ मोजतो." की संपलं. पोह्यांची बशीसुद्धा पुढे यायची नाही.

शेवटी त्याची आई वैतागून अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तुन्हं काम काय शे ते मी सांगसू. तू गप बस." आणि माउलीनं चार गावांत निरोप धाडला, "मना पोऱ्या पिंपळगावले कोल्ड स्टोरेजमा शे."

पंधरवड्यात तीन स्थळं आली. एका वधुपित्यानं तर किती टनाचं आहे तेही विचारलं. बागूल प्रामाणिक. म्हणाला, "माझे आठ खोके."

लग्न झालं त्याचं, काळजी नको. मुलगी रसायनशास्त्राची निघाली, तिला खोकेच बघायचे होते.

*

आप्पांना एकदा मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, आधी तिथं उथळ पाणी होतं, मग गवत आलं, मग शेवाळ. मग थंडी वाढली, आत बर्फ धरला आणि फुगलेल्या बर्फानं जमीन वर उचलली, तेच आपलं टेकाड. माथा कोरडा पडला, झुडपं आली. आणि बर्फ वितळला की टेकाड बसतं, पुन्हा पाणी, पुन्हा पहिल्यापासून.

आप्पा म्हणाले, "म्हंजे आमच्या मशीनसारखंच. बर्फ धरायचा, डीफ्रॉस्ट करायचं, खाली पाणी."

"अगदी तसंच. फक्त एक फेरा हजारो वर्षांचा."

"आता कोणत्या फेऱ्यात हाय आपलं टेकाड?"

मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला. तिकडच्या लीसाबाईंनी पाठवलेला. या बाई मॅडमबरोबर भोक पाडायला होत्या, त्याच गावच्या. फोटोत टेकाड नव्हतं. तळं होतं, काठावर दोन वाकडी झुडपं.

आप्पांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या खोक्यांना माल म्हणणं सोडलं, आणि त्या रॅकवर मटारचं एक पोतं कधी ठेवू दिलं नाही.

*

गेल्या मार्चमध्ये लीसाबाईंची ईमेल आली. तिकडे ठेवलेला अर्धा कोअर गेला होता. सुट्टीत फ्रीजर बंद पडला, आठवडाभर कुणाला कळलंच नाही, उघडला तेव्हा काळा चिखल. म्हणजे त्या टेकाडाचं आता जगात जे काही उरलं होतं, ते पिंपळगावला आप्पांच्या रॅकवर. बाईंनी लिहिलं होतं, 'मी येते आहे.'

मॅडम जूनमध्ये रिटायर होणार होत्या. तळाचा हातभर कोअर त्यांनी स्वतः बारकाईनं वाचायचा राहिला होता, म्हणजे टेकाडाचा जन्मच राहिला होता. पण बाई कोअर न्यायलाच येणार असं आम्ही धरलं, आणि आणताना केलेला करार साफ होता, तिकडून मागितला की परत द्यायचा. "शिंदे, ताबा दिल्याचं पत्र टाइप करून ठेवा," मॅडम मला म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी टाइप केलं. साधं चार ओळींचं पत्र, पण त्यात माझ्या सात चुका झाल्या. खरं सांगतो, मला फार वाईट वाटत होतं.

एप्रिलच्या भर दुपारी आम्ही लीसाबाईंना घेऊन पिंपळगावला पोचलो. सत्तरीच्या, ठेंगण्या, उन्हानं लालबुंद झालेल्या. आप्पांनी नवा शर्ट घातला होता, माकडटोपी तीच. त्यांनी स्वतःचं जाड जाकीट पुढे केलं. बाईंनी हात जोडून नको म्हटलं आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टवरच उणे अठरात शिरल्या.

आप्पांनी तळाचा खोका उघडून दिला. बाईंनी गोठलेल्या तुकड्यावर तळवा टेकवला आणि मॅडमना काहीतरी सांगितलं. लहानपणी आईबरोबर त्या टेकाडावर पिवळी फळं वेचायला जायच्या म्हणे. आप्पांना ते मी मराठीत सांगितलं. ते हळूच म्हणाले, "त्यांच्या माहेरचं हाये हे. आपण भाईर थांबू." आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या. पापण्यांवर बर्फाची भुकटी. आप्पांच्या टेबलापाशी चहा आला. मॅडमनी पर्समधून पत्र काढून बाईंपुढे ठेवलं, सहीसाठी पेनही ठेवलं. पेनाचं टोपण काढायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

लीसाबाईंनी पत्र वाचलं, घडी केली आणि मॅडमच्या हातात परत दिलं. मग त्या इंग्रजीत एक वाक्य बोलल्या. आप्पा माझ्याकडे बघायला लागले.

"त्या म्हणतायत," मी सांगितलं, "इथंच राहू दे. आमच्याकडे आता गोठलेलं टिकत नाही."

बाहेर हायवेवर टेम्पो चालले होते, पत्रा तापून कडकड वाजत होता. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले, माकडटोपी कानांवर ओढली आणि आत जाऊन थर्मामीटर बघून आले.