पाटली हातात चढण्याआधी

टॉवेलच्या कारखान्यात मी घड्या घालायचं काम केलं. यंदा काम सुटलं आणि फंडाचे पैसे बँकेत आले. मुलगा म्हणाला, "आई, पैसा उडून जातो. सोनं घे." ते मलाही पटलं. पण कसलं सोनं, ते मुलानं आणि सुनेनं आधीच ठरवलं होतं. सुनेला पाटल्या. घरचे मालक गेल्यापासून मी दागिना घालत नाही, तेव्हा घरातल्या सवाष्णीच्या हातात शोभतील, असं त्यांचं म्हणणं.

माझी थोरली बहीण होटगीला असते. तिनं असंच सुनेच्या हातात सोनं घातलं होतं. पुढं तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सून वाईट नव्हती, पण सवाष्णीला हात मोकळा कर म्हणून कसं सांगायचं? बहीण गप्प राहिली. आता तिला एका डोळ्यानं दिसत नाही.

माझ्या मनात वेढण्या होत्या. चोख सोन्याचा अंगठीएवढा साधा वेढा, त्याला नक्षी नाही की खडा नाही. बारीक बारीक घेतल्या तर लागेल तशी एकेक मोडता येते. पण घरी दोन दिवस तोंडाशी आलेलं मी गिळत राहिले. परक्या माणसांत तर माझा आवाजच फुटत नाही.

दुकानात सुनेनं नक्षीच्या पाटल्या पसंत केल्या. माप जरा लहान होतं. दुकानदारानं तिच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि पाटली सरकवायला लागला.

"अंगठा आत घ्या ताई. बसतीय बघा."

पाटली बोटांच्या हाडापाशी अडली होती. मनगटात गेली की संपलं. मग ती काढा म्हणायला मला तोंड राहणार नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. मी सुनेचा हात धरला. "थांबा की वो. घालू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मला वेढण्या दावा. बारक्यातल्या."

दुकानदार हसला. "आजी, वेढणी अंगावर काय शोभती? कोण घालणार?"

"कोण न्हाय."

मुलाचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, "आई, आमच्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"हाय की. पर तिच्या हातातलं उतरव म्हणायला मला तोंड न्हाय, बाबा."

सुनेनं स्वतःच पाटलीसकट पिशवी ओढून काढली. हाडापाशी लाल वळ उठला होता.

वेढण्या घेतल्या. बिल माझ्या नावावर झालं. रिक्षात सून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर चहाचा कप माझ्यापुढं जरा आपटूनच ठेवला. भाकरी थापताना मात्र मान वर न करता म्हणाली, "आत्या, मी उतरवल्या असत्या की. तुमी मागायच्या आधी."

मी परातीत पीठ टाकत राहिले.

तिनं उतरवल्या असत्या, मला ठाऊक आहे. आणि मग माझ्यापायी मोकळे झालेले हात घेऊन ती रोज माझ्यापुढं भाकरी थापत बसली असती, ते मला बघवलं नसतं. हे तिला सांगायला हवं होतं. अजून जमलेलं नाही.