आधी जुनी माती काढायची

म्हातारी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. माझ्यामागे फाटकात टेम्पो उभा. टेम्पोत सिमेंटच्या बारा कुंड्या, काळ्या मातीची पोती आणि बिडी ओढत बसलेले दोन हमाल.

"आक्का, जरा बाजूला सरका," मी म्हणाले.

"न्हाई सरकत. माती माझ्या घरावर चढणार न्हाई."

मी लातूरला एका नर्सरीत कामाला होते. शाळा चौथीपर्यंत. रोपं पोसायची, कुंड्या भरायच्या, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मांडून द्यायच्या, हे माझं काम. भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडले होते. हे घर अशाच एका केमिस्ट्रीच्या सरांचं. पहाटेपासून बॅचा चालायच्या. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे सायकली आणि चपला.

सरांची मुलगी पिंकी, सहा वर्षांची. शाळेत बाईंनी घेवड्याचं बी दिलं, ते तिने भिंतीकडेला लावलं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी त्यावर सायकली लावल्या. तिने पुन्हा लावलं, पुन्हा चिरडलं. तिसऱ्यांदा चिरडल्यावर तिने एका बॅचच्या सगळ्या सायकलींची हवा सोडली. मग सर नर्सरीत आले. "मावशी, तिला गच्चीवर काय पाहिजे ते लावून द्या. नाहीतर माझे क्लास बंद पडतील."

म्हातारी म्हणजे सरांची आई. गाव किल्लारीकडचं. भूकंपानंतर ती कधी पक्क्या छताखाली झोपली नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यात तिची पत्र्याची खोली होती, थंडी असो की ऊन. हे मला त्या दिवशी सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी टेम्पो भरून आणलाच नसता.

सर बॅच सोडून आले. हाताला खडू.

"आई, ही स्लॅब आहे. आत लोखंड आहे. बारा कुंड्यांनी काय होतंय?"

"आपल्या घराला सागवानी तुळया हुत्या. तवाबी लोक म्हणायचे, काय होतंय."

सरांनी घड्याळ पाहिलं. "मावशी, तुम्ही जरा समजावा. पोरं बसलीत." आणि गेले. केमिस्ट्री समजावणं सोपं असावं.

मी आतल्या फोनवरून नर्सरीच्या मालकांना विचारलं. रशीदभाई म्हणाले, "बाई, भरलेली गाडी वापस आणू नका. पोरीला हाताशी धरा. नातीपुढं आजीचं काय चालतंय?"

मी पोरीला हाताशी धरलं. यात माझा काही मोठेपणा नव्हता, मला गाडी रिकामी करायची होती. एक कुंडी उतरवून जिन्यापाशी ठेवली आणि म्हातारीला ऐकू जाईल अशा बेताने शिकवायला लागले.

"हे बघ पिंके, कुंडीला खाली भोक असतं. त्यावर खापराचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती राहते. मग माती भरायची. मग रोप. आणि दर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, वरून नवी माती घालायची."

"मग जुनी?"

"जुनी खाली राहते."

"मग कुंडी भरून जात नाही?"

"दबते ती. खाली बसते."

"म्हणजे कुंडी जड होत जाते?"

"होते थोडी."

"मग मी दहावीला जाईपर्यंत किती जड होईल?"

उत्तर पायरीवरून आलं.

"आमच्या माळवदाचं असंच झालं, बाळ," म्हातारी म्हणाली.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, असं ते छत. गळू नये म्हणून दरवर्षी वर पांढरी माती पसरायची पद्धत होती.

"दर साली मिरगाच्या आदी मी पाट्या वाहायची," म्हातारी सांगत होती. "माझी सासू वाहायची. तिची सासूबी वाहायची. जुनी कुणीच काढली न्हाई. काढायची असती हे ठावंच नव्हतं. आमचं घर कधी गळलं न्हाई. लई चांगलं माळवद हाय म्हणायचं गाव. त्याच्याखाली हिचा आजा गेला. माझी धाकटी गेली. ती माती मीच नेऊन ठेवलेली, बाई. ह्या डोक्यावरून."

हमालांनी बिड्या विझवल्या.

पिंकी मात्र जेवायच्या आधी हात धुवायला सांगावं तशी म्हणाली, "मग आजी, आपण आधी जुनी काढू. मग नवी घालू."

मला तिथेच चूक दिसली. आजीची नव्हे, माझ्या धंद्यातली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गिऱ्हाइकं तक्रार घेऊन यायची की झाड खंगलं. मी सांगायचे, पाणी जास्त झालं. खरं म्हणजे वरून माती टाकून टाकून खालची विटेसारखी घट्ट झालेली असायची आणि मुळं गुदमरायची. वीस वर्षं मी कुंड्या भरत होते. जुन्या मातीचं काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पहिलीतल्या पोरीने पाच मिनिटांत विचारलं.

म्हातारी माझ्याकडे वळली.

"सिमिटाच्या कुंड्या वापस ने. हलकं कायतरी आण. पाणी घालून, भिजवून, जे मला एकटीला उचलंल तेवढंच वर जाईल. आन दर साली जुनी निघाली पायजे. निघाली न्हाई तर सगळं खाली फेकीन."

"कबूल," पिंकी म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

रशीदभाई फोनवर बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे नेले, खाली भोकं पाडून. काळी माती एक घमेलं, बाकी कुजलेला पाला, जुनं शेणखत आणि नारळाचा काथ्या. अशी माती हलकी राहते आणि पाणी धरते. डबे भरले, पाणी घातलं, निथळू दिलं. सर वहीवर वजनाचं गणित मांडून आले होते. म्हातारीने ती वही बघितलीसुद्धा नाही. पदर खोचला आणि एकेक डबा उचलला. दहापैकी आठ उचलले. नवव्याला ती म्हणाली, "हा न्हाई." पिंकीने त्यातली दोन ओंजळी माती काढली. पुन्हा उचलून पाहिला. पुन्हा दोन ओंजळी. मग तो पास झाला. दहावा पोरीने स्वतःच बाद केला.

आठ डबे आम्ही वर चढवले. मधोमध नाही, कडेने, खाली भिंत आहे तिथे. नववा म्हातारी स्वतः घेऊन आली. त्या घराच्या गच्चीवर ती पहिल्यांदाच आली होती. डबा ठेवला, पायाने स्लॅब दाबून पाहिली आणि उतरली.

घेवडा झाला, टोमॅटो झाले, मेथी तर इतकी झाली की सरांनी बॅचच्या पोरांना वाटली. सायकलींची हवा पुन्हा गेली नाही.

पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी मी मुद्दाम गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं पोर विसरली असेल. फाटकातूनच दिसलं. पिंकी गच्चीच्या कठड्याशी स्टुलावर उभी, कमरेला तिच्या आईने पक्कं धरलेलं. ती दोरीने बादली खाली सोडत होती. बादलीत डब्यांतली जुनी माती. खाली म्हातारी उभी. बादली धरायची, पाटीत ओतायची, पाटी डोक्यावर घेऊन अंगणातल्या कडुलिंबाच्या बुडाशी टाकायची आणि वर बघून ओरडायची, "अजून हाय का?"

"हाय!"

"मग सोड की! वाट कुणाची बघून राहिलीस?"

जन्मभर माती वर चढवलेली बाई ती खाली उतरवत होती. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "तू तुझं गिऱ्हाईक बघ."

ती पक्क्या घरात झोपायला काही आली नाही. शेवटपर्यंत पत्र्याच्या खोलीतच राहिली. पण ती होती तोवर एकही मिरग चुकला नाही, आणि ती गेल्यावर पिंकीने चुकवला नाही. लिंब मात्र भरपूर माजला.

तेव्हापासून कुंडी विकताना मी आधी सांगते: दर उन्हाळ्यात निम्मी जुनी माती काढायची, मगच नवी घालायची. लोकांना वाटतं, मावशी फार बोलते. वाटू दे. ज्यांनी ऐकलं, त्यांची झाडं बघायला या.