मुलुंडात बसून जिंकलेली मोहर

लंडनमधले नाण्यांचे लिलाव मुलुंडात बसून, तेही चाळीस वर्षं उशिरा गाजवणारा माणूस माझ्या ताईच्या सासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. नाणं म्हणाल तर त्यांच्याकडे एकही नव्हतं. होते ते जुन्या लिलावांचे दुर्मिळ कॅटलॉग, रद्दीच्या गठ्ठ्यांतून वेचलेले. त्यांत नाण्यांची वर्णनं, चित्रं आणि कुण्या जुन्या मालकानं समासात पेन्सिलीनं केलेली टिपणं असत, कुठलं नाणं कितीला गेलं आणि कुणी घेतलं याची. तो समास म्हणजे यांचा स्वर्ग. जेवण झालं की भर वैशाखात गळ्यापर्यंत बटणं लावून काळा कोट चढवायचा आणि आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचं. "लिलावाला काय बंडीवर जायचं?" असं म्हणत. मी अंधेरीहून गेलो की हातानंच थांबवत. "गप रे, सतरावं नाणं चाललंय." खिडकीबाहेरचा डोंगर उन्हात धुरकट होत जायचा, समोरच्या चहावर साय धरायची, आणि बऱ्याच वेळानं खुर्चीतून उसासा यायचा, "गेलं! नवाबानं चढवलं."

आपल्या पेन्शनीपलीकडे ते कधी बोली लावत नसत, त्यामुळे हरणं ठरलेलंच. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागून म्हणायच्या, "अहो, मनातल्या मनातच खेळताय ना? मग एकदा तरी जिंका की!" आणि एकदा ते खरंच जिंकले. एका सोन्याच्या मोहरेवर जीव असा जडला, की समासातलं जुनं नाव रबरानं खोडून त्यांनी तिथे स्वतःचं लिहिलं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना पेढे मिळाले.

वर्षभरानं फोर्टातले एक नाण्यांचे अभ्यासक रद्दीवाल्यांकडून माग काढत घरी आले. ती मोहर कुठे नाहीशी झाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती कुणी घेतली हे फक्त या एका प्रतीत लिहिलेलं होतं. पान उघडताच ते ताडकन उभे राहिले. "म्हणजे मोहर तुमच्याकडेच आहे?"

नाण्यांच्या जगात ताईच्या सासऱ्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. "गावी ठेवलीय" एवढं म्हटलं असतं तरी त्या दिवसापुरते ते मोठे झाले असते.

"नाही हो. मी नुसती बोली लावली."

"कधी?"

"गेल्या वैशाखात."

"अहो, लिलाव होऊन चाळीस वर्षं झाली!"

"हो, पण मला कॅटलॉग आत्ता मिळाला ना."

पाहुणे हसले नाहीत. खालचं नाव खोडलंय हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. सासरे ओशाळून उठले. रबर घेऊन त्यांनी आपलं नाव हळूहळू, एकेक अक्षर करत पुसलं आणि पान खिडकीशी तिरकं धरलं. जुन्या मालकाचा हात जड होता, त्याच्या पेन्सिलीचे वळ कागदावर अजून होते. ते नाव त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि गेले.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना रे. वर्षभर माझीच होती ती."