गावभर वाटलेल्या कॅप्सूल

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि तिथले कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात, सुरत लाइनवरच्या एका तालुक्याच्या गावी फौजदार होते. तोंडाला रुमाल बांधून स्टेशनवर बंदोबस्त करायचा आणि तापाचा माणूस दिसला की सरकारी दवाखान्यात पोचवायचा, हे आमचं काम.

असाच एक गिरणी कामगार आम्ही उतरवला. अंग भाजत होतं. बरोबर बायको, सोनगीरकडची, अहिराणी बोलणारी. डॉक्टर म्हणाले, प्लेगवरचं औषध, टेट्रासायक्लिन, आत्ताच सुरू करायला हवं. औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "संपलं." खोका आदल्याच दिवशी आला होता आणि वॉर्डात तापाचे रोगी होते चार! गावातल्या दुकानांत एक कॅप्सूल नव्हती. धुळ्याहून माल यायला दुसरा दिवस उजाडणार होता.

आमचे हेड कॉन्स्टेबल नाना कानाशी आले. "मॅडम, पक्की खबर आहे. फार्मासिस्ट मागच्या दाराने माल काढतो. सकाळी रीघ लागली होती."

पंचांसमोर त्याच्या घराची झडती घेतली. काही नाही. स्वतःच्या मुलांसाठीसुद्धा त्याने एक पाकीट ठेवलं नव्हतं. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"कुणाला विकलंस?"

"विकलं नाही, मॅडम."

"मग पाय फुटले का त्याला?"

माल विकणाऱ्याकडे एखादी रचलेली गोष्ट तयार असते. याच्याकडे नव्हती. हा नुसता खाली बघत होता.

तेवढ्यात त्या कामगाराची बायको तरातरा ठाण्यात आली. "ताई, गावले बठ्ठासले गोळ्या भेटन्यात म्हने. मन्हा मालकनी कोनी खादी, इतलं तरी सांगा!"

सगळ्या गावाला गोळ्या मिळाल्या, मग नवऱ्याची कोणी खाल्ली, हा तिचा सवाल ऐकून फार्मासिस्टने पहिल्यांदा मान वर केली. "नावं देतो, मॅडम. पण पहिलं नाव तुमच्या घरचं येईल."

माझ्या सासूबाई सकाळी जाऊन 'नातवंडांसाठी' दोन पाकिटं घेऊन आल्या होत्या. त्यांच्यामागून कचेरी, शाळा, पोलीस लाइन. त्याने तरी नाही म्हणायचं कुणाला? रोज तोंड बघायचं त्याच माणसांचं. मी नानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नाना, तुम्हीपण?"

"मंडळी ऐकेना, मॅडम."

आणि पक्की खबर हेच देणार!

घरी गेले. "पाकिटं कुठायत?"

"वाटली ना," सासूबाई म्हणाल्या. "घरात आलेली वस्तू एकट्याने खायची असते का? घरात एकेक दिली, शेजारी एकेक दिली. गुळाच्या खड्याबरोबर. कडू लागते."

मी कपाळाला हात लावला. ना कुणाला ताप, ना कुणी सुरतेहून आलेलं. अशी एकेक कॅप्सूल खाऊन कुणाचं काय भलं होणार? पण सगळ्या गावात तोच प्रकार. आपल्याकडे आलेली वस्तू वाटून खातात. पेढा काय आणि औषध काय!

मग नानांना घेऊन घरोघर फिरले. "गुन्हा नोंदवू की कॅप्सूल देता?" एवढंच विचारत होते. डब्यांतून, ट्रंकांतून, एका ठिकाणी शिवणाच्या मशीनच्या खणातून उरलेल्या कॅप्सूल निघाल्या. नानांच्या टोपीत जमा केल्या. धुळ्याचा माल येईपर्यंत त्या वॉर्डाला पुरल्या. चौथ्या दिवशी तो कामगार उठून बसला. त्याची बायको माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

फार्मासिस्टची बदली झाली. घेणाऱ्यांपैकी कुणाचं काही बिघडलं नाही.

चोराला आपण चोरी केली हे ठाऊक असतं, म्हणून तो कधी ना कधी सापडतो. 'फक्त घरच्यांपुरतं' नेणाऱ्याला ते ठाऊकच नसतं. त्या दिवाळीत देव्हारा पुसताना मूर्तींमागे चार कॅप्सूल सापडल्या. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या साथीला असू दे म्हटलं." मी आख्ख्या गावाची झडती घेतली होती, माझ्या घरी मात्र नुसती विचारपूस केली होती.