कोऱ्या बाटलीतलं शिसं

आधी कबूल करून टाकते, मग तुम्ही हसा, मीही हसते. ही पोरगी आमच्या प्रयोगशाळेत आली, त्या दिवशीच मी तिला शिष्ट ठरवून मोकळी झाले होते. माझं काम दारापाशी मातीच्या पिशव्या घ्यायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, वहीत नोंद करायची आणि उरलेल्या वेळात बोलायचं. मी सहज विचारलं, "राहायला कुठे गं?" तर बाई ओठ मिटून उभी. म्हटलं, घ्या, आली आणखी एक नाकाने कांदे सोलणारी. नंतर कळलं, ती अर्धा ग्रॅम माती तोलत होती आणि तेवढ्या श्वासानेही काट्यावरचा आकडा हलतो. चमचा खाली ठेवला आणि मग अशी सुटली की मलाच गप्प बसावं लागलं. मी तिला 'अर्धा ग्रॅम' म्हणते. अंगापिंडानेही तशीच आहे.

मातीत मुरलेलं शिसं शोधणं हे तिचं काम. माती वाळवायची, खलायची, चाळायची, आम्लात तापवून शिसं त्यात उतरवायचं, गाळायचं आणि ते पाणी यंत्राला पाजायचं.

मागच्या महिन्यात तिच्याच इमारतीसमोरच्या मैदानाची माती आली, चार कोपऱ्यांच्या चार पिशव्या. पूर्वी तिथे जुन्या, शिशाच्या बॅटऱ्या फोडायचे. आता झोपाळे लागले होते आणि शनिवारी मैदान मुलांसाठी उघडणार होतं. हिची लेक चार वर्षांची, माती तोंडात घालण्यात पटाईत. कळलं ना, जीव कुठे अडकला होता ते?

सोमवारी आकडे आले. चारही कोपऱ्यांत शिसं. पण तिने तीन कोऱ्या बाटल्याही चालवल्या होत्या, म्हणजे माती नाही, बाकी सगळं तेच. त्यांतही शिसं, आणि तिन्हींत वेगवेगळं.

साहेब म्हणाले, "कोऱ्याचा आकडा वजा कर आणि रिपोर्ट दे."

"कुठला वजा करू? तिन्ही वेगळे आहेत, साहेब. मातीच्या बाटल्यांत किती पडलंय, कुणाला माहीत?"

"म्हणजे आमची प्रयोगशाळा घाण आहे?"

"ते शोधतेय," ती म्हणाली. मी वहीत डोकं घातलं, कान मात्र बाहेरच होते.

तिने आम्ल तपासलं, पाणी तपासलं, गाळणकागद तपासला. सगळं स्वच्छ. बुधवारी सकाळी बाटल्या सुकवायच्या फळीपाशी उभी राहून वर बघत होती. वर खिडकी, तिच्या चौकटीचा जुना पिवळा रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेला. असल्या जुन्या रंगांत शिसं घालायचे, हे मला तिनेच सांगितलं. आणि साहेबांचा बारा वर्षांचा नियम, बाटल्या उताण्या ठेवायच्या, वारा लागून लवकर सुकतात.

तिने धुतलेल्या सहा बाटल्या घेतल्या. तीन उताण्या, तीन पालथ्या. मला सांगून ठेवलेलं, "मावशी, दिवसभर खिडकी रोजच्यासारखी उघडा-लावा." मी तर दोनदा जास्तच आपटली. संध्याकाळी यंत्र बोललं. उताण्या तिन्हींत शिसं, पालथ्यांत काही नाही.

"मावशी," ती माझा दंड धरून म्हणाली, "सापडलं." नखं रुतली माझ्या दंडात, पण मलाही कुठे भान होतं?

गुरुवारी पहिल्यापासून सगळं. बाटल्या आम्लात बुडवून धुतल्या, पालथ्या सुकवल्या, माती पुन्हा तोलली. शुक्रवारी आम्ही दोघी यंत्रासमोर. कोरी, शून्याजवळ. पहिला कोपरा, खाली आला. दुसरा, तिसरा, खाली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात चौथा आला आणि हललाच नाही. किलोमागे साडेनऊशे मिलिग्रॅम, मुलांच्या मैदानाला चालतं त्याच्या दुपटीहून जास्त. झोपाळ्यांचाच कोपरा.

पोरीने लगेच रिपोर्ट लिहिला. साहेबांनी, खरं बोलायचं तर, एक अक्षर न बदलता सही केली आणि स्वतः मैदानवाल्यांना फोन लावला. शनिवारी मैदान उघडलं नाही. त्या कोपऱ्याची माती खरवडून नेली, नवी टाकली, हिने पुन्हा तपासली आणि पंधरा दिवसांनी झोपाळे हलले. पहिली बसली हिची लेक.

पण साहेब हार मानणाऱ्यांतले नाहीत. परवा म्हणाले, "काही म्हण, पालथ्या बाटल्या उशिरा सुकतात."

"सुकू देत. बाटल्यांना कुठे गाडी पकडायचीय?"

"आत दमट राहतं."

"दमट मोजत नाही मी, साहेब. शिसं मोजते."

साहेबांनी आपला चहाचा कप विसळला आणि मुद्दाम खिडकीखाली उताणा ठेवला. "हा कप आहे, बाटली नाही."

"बरं," ती म्हणाली. "उद्या चहा घ्यायच्या आधी मला द्या, तपासून देते."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप पालथा घातला.